झेंडूचा ट्रक आणि मऊ पेडल

"आधीच सांगून ठेवतो, ह्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही. पण मी एका ट्रकचा ब्रेक नुसत्या कानानं दुरुस्त केलाय. हातात एक पाना होता, बाकी सगळं काम कानाचं."

परवाच्या खंडेनवमीला मी एवढं म्हटलं आणि अंगणातल्या मंडळींचे हात आपोआप मंदावले. नातवाचा पिकअप धुऊन दारात उभा होता. नातसून मैथिली, जिचा ह्या घरातला पहिलाच दसरा, ती चाकांना हळदीकुंकवाची बोटं ओढत होती. आमच्या घरच्या, म्हणजे माझी बायको, पलीकडं आमच्याकडं पाठ करून झेंडूचं तोरण ओवत बसली होती. ती माझ्या गोष्टी ऐकत नाही. पंचावन्न वर्षांच्या संसारात तिनं माझी एकही गोष्ट शेवटपर्यंत ऐकलेली नाही, आणि त्यामुळं माझं फार बरं चाललंय.

मैथिली इंजिनिअर आहे. ती म्हणाली, "आजोबा, कानानं ब्रेक कसा दुरुस्त होईल?" शंका काढणारं माणूस समोर असलं की मला सांगायला चेव येतो. मी पाय पसरले, पाठीमागं उशी घेतली, आणि सांगितलं. जे सांगितलं तेच इथं उतरवतो आहे, एक अक्षर इकडचं तिकडं नाही.

साल अडुसष्ट. ड्रायव्हरकीला लागायच्या आधी मी दोन वर्षं बाबालाल वस्तादाच्या गॅरेजात मेकॅनिक होतो. फोंडा घाट उतरायला लागायच्या अलीकडं करंजफाटा म्हणून जागा होती. गॅरेज म्हणजे चार लाकडी खांब, वर पत्रा, आणि त्या पत्र्याखाली वस्ताद. बारीक अंगाचा, पांढऱ्या मिशांचा, हातावर ग्रीसचा इतका जुना थर की डास चावला तर डासाचीच सोंड वाकावी. घाटातनं खाली जाणारा प्रत्येक ट्रक वस्तादाला पेडल दाबून दाखवल्याशिवाय पुढं जात नव्हता. वस्तादाला मात्र हातोड्याच्या आवाजानं ऐकायला कमी येत होतं. त्यामुळं कानाचं सगळं खातं माझ्याकडं.

वस्ताद नमाजी माणूस, पण खंडेनवमी पाळायचा ती आमच्यापेक्षा कडक. बाराच्या ठोक्याला सगळी हत्यारं रॉकेलनं पुसून नव्या पोत्यावर मांडायची. हळदकुंकू, नारळ, फुलं. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सोनं वाटेपर्यंत पान्याला बोट लावायचं नाही. एकदा फौजदाराची जीप आली ती तशीच ढकलत पुढं पाठवली होती. वस्तादाचं म्हणणं एकच, की वर्षभर राबतात, एक दिवस त्यांनाही निजू दे.

तर त्या खंडेनवमीला सकाळी दहा वाजता एक लांब नाकाचा ट्रक गॅरेजात शिरला. शिरायच्या आधी वास शिरला. ट्रक काठोकाठ झेंडूनं भरलेला, केशरी आणि पिवळा. वर ओली पोती टाकलेली. मागच्या डाव्या चाकाखालनं ब्रेक ऑइल ठिबकत होतं.

फुलांची मालकीण चंद्राक्का ड्रायव्हरच्या शेजारीच बसून आली होती. नवरा मागं नाही, भोगावतीच्या काठाला दोन एकर रान, आणि त्या सालचं सगळं रान झेंडूखाली. बाई बोलायला खणखणीत. तिनं उतरल्या उतरल्या वस्तादाला सांगितलं, की संध्याकाळी कणकवलीच्या बाजारात फुलं उतरली पाहिजेत. उद्या सकाळी कोकणात दारोदार तोरणं लागायची आहेत. फुलाला गिऱ्हाईक आज रात्री आणि उद्या पहाटे. मग तिनं मोठ्यानं एक वाक्य टाकलं, ते माझ्या अजून कानात आहे.

"वस्ताद, उद्या दुपारी ही फुलं म्हशीबी खायच्या न्हाईत."

तिच्याबरोबर तिची मुलगी होती, अठरा-एकोणीसची. फुलं सुकू नयेत म्हणून पोत्यांवर पाणी मारत राहायचं, हे तिचं काम. ह्या मुलीचं नाव मी सांगणार नाही. पुढं लग्न होऊन ती चांगल्या घरी पडली असं ऐकून आहे, उगाच कशाला.

आणि एक ड्रायव्हर होता. त्याचंही नाव घेत नाही. त्याला आता नातवंडं आहेत, त्यांच्यासमोर त्याची काय शोभा राहील? दिसायला देखणा गडी, तेवढं मान्य केलं पाहिजे. कुरळे केस, सरळ नाक, गळ्याला रेशमी रुमाल. चंद्राक्काचा ट्रक चालवायला लागून त्याला जेमतेम आठवडा झाला होता. हुशारीच्या नावानं मात्र सगळी बोंब.

वस्तादानं चाक उतरवलं. चाकातल्या ब्रेक सिलिंडरचं रबर फाटलं होतं. नवं घातलं, सगळं जागच्या जागी बसवलं, तोपर्यंत पावणेबारा. हात पुसून वस्ताद पूजेला लागला. चंद्राक्काला एवढा आनंद झाला की तिनं पूजेला शेरभर फुलं काढून दिली. तिचा ट्रकही त्याच पूजेत घ्या म्हणाली. स्टिअरिंगला कुंकू, चाकांना कुंकू, आणि हौसेनं आत वाकून ब्रेकच्या पेडललाही पाच बोटं कुंकवाची.

नारळ फुटला. खोबरं वाटून झालं. ड्रायव्हर वर चढला, पेडलवर पाय ठेवला, आणि पेडल सरळ फळीला जाऊन टेकलं.

वस्तादानं कपाळाला हात लावला. हवा काढायची राहिली होती.

हे जरा समजून घ्या. ब्रेकच्या नळ्यांत तेल असतं. पाय दाबला की तेल तो जोर चाकापर्यंत नेतं. सिलिंडर उघडला की नळीत हवा शिरते, आणि मग पायाचा सगळा जोर त्या हवेतच जिरतो. ती हवा काढायला दोन माणसं लागतात, एक सीटवर आणि एक ट्रकखाली. खालचा म्हणतो "मार", वरचा तीनदा पेडल मारतो. खालचा म्हणतो "धर", वरचा दाबून धरतो. मग खालचा चाकामागचं निपल, म्हणजे हवा सोडायचा बारका स्क्रू, अर्धा आटा सैल करतो, फस्सकन हवा आणि तेल बाहेर पडतं, निपल आवळतो, आणि मगच म्हणतो "सोड". सगळी मेख त्या "मगच"मध्ये आहे. निपल उघडं असताना वरच्यानं पाय उचलला, तर बाहेर गेली तेवढीच हवा परत आत.

"नळी लावून बाटलीत सोडायची ना पण?" मैथिलीनं मध्येच विचारलं. "म्हणजे पाय सुटला तरी तेलच आत जाईल."

बघा, शिकलेली मुलगी. नळी होती, बाटलीही होती. पण दोन्ही पूजेत होती, त्यांच्यावर अक्षता पडल्या होत्या. पानाही पूजेतच. वस्ताद म्हणाला, आता उद्या. चंद्राक्का तासभर हुज्जत घालत बसली नाही की रडली नाही. ती सरळ पोत्यासमोर जाऊन मांडी घालून बसली आणि म्हणाली, तुम्ही नका देऊ, मी ह्यांनाच विचारते. गावदेवीला कौल लावतात तसा तिनं अकरा नंबरच्या पान्याला कौल लावला. पाना उभा करून त्याच्या डोक्यावर झेंडूचं एक फूल ठेवलं. उजवीकडं पडलं तर पाना मिळाला, डावीकडं पडलं तर फुलं कुजली.

फूल पडेना. आम्ही पाच माणसं त्या फुलाकडं श्वास रोखून बघत उभे. दोन मिनिटं झाली, तीन झाली. मग मी शिंकलो.

फूल उजवीकडं पडलं. मी डाव्या बाजूला उभा होतो हा निव्वळ योगायोग.

वस्तादानं पान्याला हात जोडले, माफी मागितली, आणि तो एकच पाना उचलला. दुसरं काही नाही. जे काय व्हायचं ते ह्या एका पान्यात, असं त्यानं चंद्राक्काला बजावलं. मग मी पाना घेऊन ट्रकखाली सरपटलो, वस्ताद बोनेटपाशी ऑइलच्या डबीवर नजर ठेवून उभा राहिला, आणि ड्रायव्हर सीटवर.

चारी चाकांची हवा काढली. लांबचं चाक आधी, जवळचं शेवटी, जशी पद्धत आहे तशी. वस्तादानं पेडल हातानं दाबून बघितलं. आता ते फळीला टेकत नव्हतं, पण मऊ. भाकरीच्या पिठात मूठ घातल्यासारखं आत जायचं आणि सावकाश वर यायचं. घाट उतरायला असलं पेडल म्हणजे थेट दरीत.

परत चार चाकं. परत मऊ.

डबी बघितली, भरलेली. नळीचा प्रत्येक जोड फडक्यानं कोरडा करून बघितला, कुठं ओल नाही. रबरी होज मुठीत धरून पेडल मारून बघितलं, फुगत नव्हतं. नवं रबर उलटं बसलंय का, हा एक संशय होता, पण ते बघायला चाक उतरवायला पाहिजे आणि चाकाचा पाना पूजेत निजलेला. तिसऱ्यांदा हवा काढली. निपल उघडलं की दर खेपेला फस्स होतंच होतं, म्हणजे आत हवा आहे. एवढी हवा येते कुठनं? त्या नळ्यांतनं मी त्या दिवशी जेवढी हवा काढली, तेवढ्यात एका गावाच्या सायकली फुगल्या असत्या.

दोन वाजले. उन्हं पोत्यांवर आली. वस्तादाचा आवाज चढला.

"तू हवा काढतोस का भरतोस?" त्यानं मला ट्रकखाली वाकून विचारलं.

चंद्राक्का एका टायरवर बसली होती. मध्येच उठायची, पोत्याखाली हात घालायची, चार फुलं काढून नाकाला लावायची आणि परत ठेवायची. मुलगी तेवढी दमत नव्हती. घागर कमरेला लावून ट्रकच्या पुढनं जायची, उंबराच्या झाडाआड दिसेनाशी व्हायची, थोड्या वेळानं भरली घागर घेऊन तशीच पुढनं परत यायची. विहीर तिकडं समोर होती ना, उंबराच्या पलीकडं. सहा खेपा केल्या तिनं त्या दिवशी. अंगावर हिरवं लुगडं, पदर कमरेला खोचलेला. कपाळावरचं कुंकू घामानं थोडं ओघळलेलं. चालताना घागर हिंदकळली की थोडं पाणी तिच्या खांद्यावर सांडायचं आणि ती स्वतःशीच हसायची. डाव्या गालाला खळी पडायची. डावीकडच्या एकाच कानात फुलाचं डूल होतं, दुसरं कुठं हरवलं होतं कोण जाणे.

असो. मी ब्रेकचं सांगत होतो.

चौथ्या खेपेला मी ठरवलं, आता डोळे मिटायचे. ट्रकखाली डोळ्यांना दिसतं तरी काय? चाकं, धूळ, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची पावलं. मी डोळे मिटले आणि कान उघडे ठेवले. "मार." पेडलचा आवाज, खटक, खटक, खटक. "धर." निपल सैल केलं. फस्स. आणि त्या फस्सच्या मागोमाग, वर कुठंतरी, कुर्र.

सीटची स्प्रिंग. जुन्या ट्रकच्या सीटची स्प्रिंग माणूस बसला की कुरकुरते आणि उठला की कुरकुरते. बसलेला माणूस बसूनच असेल तर ती गप्प असते. मी अजून "सोड" म्हटलंच नव्हतं.

मी बाहेर सरपटलो आणि वस्तादाच्या कानाशी लागून सांगितलं, की वरचा पाय उचलतोय. वस्ताद ड्रायव्हरपाशी गेला. शांतपणे विचारलं, बाबा, मी म्हणायच्या आधी पाय उचलतोस का? ड्रायव्हरची जीभ जरा अडखळली. मग तो जे बोलला त्याला मी आजही मानतो, कारण दोन सेकंदांत एवढं सुचणं सोपं नाही.

"पेडलला कुंकू हाय, वस्ताद. देवीच्या कुंकवाला पाय लावायचा आन् नमस्कार करायचा न्हाई?"

म्हणजे, तो म्हणाला, दर वेळी पाय लागला की तो वाकून पेडलला हात लावतो आणि छातीशी नेतो. वाकताना पाय सुटत असेल बहुतेक. चंद्राक्काला हे ऐकून भरून आलं. एवढा भाविक मुलगा, ती म्हणाली, आजच्या काळात मिळत नाही. कुंकू तिनंच लावलं होतं, म्हणून दोषही तिनं स्वतःकडं घेतला. वस्तादानं आपला स्वच्छ रुमाल काढला, पेडल पुसलं, कुंकवाचा रुमाल घडी घालून हत्यारांपाशी नेऊन ठेवला आणि देवीची दुसऱ्यांदा माफी मागितली. एका दिवसात देवीची दोनदा माफी मागणारा मुसलमान माणूस मी दुसरा बघितला नाही.

परत चार चाकं. एक लक्षात घ्या, दर फेरीला प्रत्येक चाकाला पाच-सात वेळा मार-धर-सोड करावं लागतं. त्या ड्रायव्हरच्या उजव्या पायाची पोटरी त्या दिवशी दोन बोटं जाड झाली ती झालीच. शिंप्याला अजून लेंग्याचा उजवा पाय रुंद शिवावा लागतो.

तर परत चार चाकं, आणि पेडल परत मऊ.

साडेतीन झाले. चार-साडेचारला ट्रक सुटला नाही तर अंधार पडायच्या आत घाट संपणार नाही, आणि तसल्या घाटात वस्ताद कुणाला अंधारात सोडत नव्हता. चंद्राक्का टायरवरनं उठली. फुलं इथंच उतरवा म्हणाली. रस्त्यानं जाणाऱ्या एसटीतली माणसं चार-दोन घेतील, बाकीची देवळाला देते. हे सांगताना तिचा आवाज हलला नाही. फक्त पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत होती, एकदा, दोनदा, आणखी एकदा.

मी वस्तादाला म्हटलं, एक शेवटची खेप करू. आणि परत खाली गेलो, डोळे मिटून.

"मार. धर." फस्स. कुर्र नाही. "सोड." परत. "मार. धर." फस्स. कुर्र नाही. मग असं चारदा झालं आणि पाचव्या वेळी अचानक कुर्र. म्हणजे सीट दर वेळी बोलत नव्हती, कधीकधीच बोलत होती. कुंकवाचा प्रश्न संपला होता, मग आता का? मी वाट बघत पडून राहिलो. आणि मग मला दुसरा एक आवाज आला, जो सकाळपासनं कानावर पडत होता पण मी ऐकत नव्हतो.

पैंजण. ट्रकच्या पुढनं, डावीकडनं उजवीकडं. छुम, छुम, छुम, आणि कुर्र. थोड्या वेळानं उजवीकडनं डावीकडं, भरल्या घागरीच्या चालीनं, जरा जड. छुम, छुम, आणि परत कुर्र.

मी तिसऱ्याची वाट बघितली नाही. पाना तिथंच ठेवला, आवाज न करता दुसऱ्या बाजूनं बाहेर आलो आणि ड्रायव्हरच्या दाराशी उभा राहिलो. काय दृश्य होतं म्हणून सांगू. गडी सीटवरनं निम्मा उठलेला, हनुवटी स्टिअरिंगवर, मान काचेतनं उंबराकडं वळलेली, तोंडावर येडं हसू, आणि उजवा पाय पेडलपासनं चांगला वीतभर वर, अधांतरी. खाली निपल उघडं. ब्रेकच्या नळ्या घटाघटा हवा पीत होत्या.

वस्तादानं बघितलं. खुंटीवरचं गोणपाट काढलं, बोनेटवर चढला आणि समोरच्या काचेवर ते गोणपाट चारी बाजूंनी सुतळीनं आवळून बांधलं. आत अंधार झाला. ड्रायव्हर आतनं म्हणाला, वस्ताद, काही दिसत नाही. वस्ताद म्हणाला, पायाला डोळे कशाला लागतात?

मग शेवटची फेरी. चौथ्या चाकाला निपलमधनं नुसतं तेल आलं, मधासारखं सलग, एक बुडबुडा नाही. वस्तादानं पेडल दाबलं. दगड. मी दाबलं, दगड. चंद्राक्कानं हातानं दाबलं आणि मग हात तिथंच ठेवून थोडा वेळ उभी राहिली.

उताराला घेऊन ट्रायल केली. रस्त्यावर एक नारळ ठेवला, ट्रक वरनं सोडला, आणि ब्रेक लावल्यावर बंपर नारळाच्या शेंडीला टेकून थांबला. शेंडी वाकली, नारळ हलला नाही.

"आजोबा," मैथिली म्हणाली.

बरं, हातभर अलीकडं थांबला. सव्वाचारला ट्रक सुटला. दिवेलागणीला कणकवलीत फुलं उतरली. दुसऱ्या दिवशी त्या गावात बिनतोरणाचं दार औषधालासुद्धा सापडलं नाही. चंद्राक्कानं परत जाताना वस्तादाला एक नारळ आणि मला एक शेला दिला. वस्ताद माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, पोरा, तुझा कान विलायतेत पाहिजे होता.

एवढं सांगून मी थांबलो. गोष्ट तशी झकास झाली होती. नातवानं मान डोलावली. मैथिलीनं कुंकवाचं बोट फडक्याला पुसलं आणि विचारलं, त्या मुलीचं आणि ड्रायव्हरचं पुढं काय झालं? मी म्हटलं, मुलीला नवरा फार चांगला मिळाला असं लोक म्हणतात.

पलीकडं सुई थांबली.

"विहीर कुठं होती म्हणालासा?" बायकोनं पाठ न वळवता विचारलं.

मी पाठीमागची उशी सारखी केली. पण आता मागं फिरायचं कसं? मी म्हटलं, ट्रकच्या पुढं, उंबराच्या पलीकडं.

"त्या गॅरेजात दोन वर्सं होतासा न्हवं?"

"दोन वर्षं."

"मग दोन वर्सं पाणी कुठलं पेत होतासा?" आता ती वळली. मांडीवर निम्मं तोरण, हातात सुई. "विहीर गॅरेजच्या मागं होती. ट्रकच्या मागल्या फळीपासनं वीस पावलं. पुढं नुसता उंबर होता. दोन वर्सं राहू दे, एक दिवस जरी हे खाली उतरून हात धुवायला गेले असते, तर ठावं असतं. दिवसभर सीटवरनं हालले न्हाईत. आन् वस्तादाला म्हणं ऐकू येत न्हवतं. वस्तादानंच ऐकलं सगळं. खाली वस्तादच होते."

नातू माझ्या उजव्या पायाच्या लेंग्याकडं बघायला लागला. मी पाय आखडून घेतला.

"आन् ट्रकखालनं खळी दिसती व्हय," ती म्हणाली, "आन् डूल?"

मैथिलीनं माझ्याकडं बघितलं, मग आजीकडं. ती मघाशी म्हटलं तशी हुशार आहे. तिनं बोटानं हवेत ट्रक काढला, मागं विहीर मांडली, पुढं उंबर मांडला, आणि थांबली.

"पण आजी, विहीर मागं होती, फुलंही मागंच होती," ती म्हणाली. "मग तुम्ही घागर घेऊन पुढून का जात होतात?"

पंचावन्न वर्षं मी समजत होतो, की त्या ट्रकात हवा मी एकट्यानं भरली.

बायकोनं एक फूल उचललं, देठाशी सुई टोचली आणि परत आमच्याकडं पाठ केली.

"गोणपाट बांधल्यावर मागनंच गेले की," ती म्हणाली. "जवळ पडत होतं."